अनुभव धागा: घर घेताना एजंटने तुमच्यासाठी नेमके काय केले?

महाराष्ट्रात स्थावर संपदा अधिनियम १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेल्या प्रकल्पांतील घरांचे व्यवहार करणाऱ्या एजंटांनाही नोंदणी बंधनकारक झाली. त्यामुळे घर घेणाऱ्याशी एजंटचे वागणे किती बदलले, हे आपल्या अनुभवांतून कळावे अशी इच्छा आहे. एजंटने काय सांगितले, काय सांगितले नाही आणि त्याचे पैसे कोणी दिले, हे तपशिलाने लिहावे. नावे मात्र देऊ नयेत.

नव्या प्रकल्पात घर घेतलेली वाचक

आमच्या एजंटने घरे दाखवण्याआधी आम्हाला महिन्याला किती हप्ता झेपेल हे विचारले, स्वतःचा नोंदणी क्रमांक दिला आणि आपली दलाली विकासकाकडून मिळणार असल्याचेही सांगितले. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यानंतर त्यांचा प्रत्येक सल्ला कोणत्या नजरेने ऐकायचा हे आम्हाला ठरवता आले. आम्हाला आवडलेल्या प्रकल्पाचे महारेराच्या संकेतस्थळावरील पान त्यांनी आमच्यासमोर उघडले आणि ताबा देण्याची तारीख, चालू असलेले दावे व जमिनीवरील बोजा एकेक करून वाचून दाखवला. विक्री कार्यालयात सांगितले जाणारे क्षेत्रफळ आणि साठेखतात (विक्रीच्या करारात) लिहायचे चटई क्षेत्र (कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतले वापरायचे क्षेत्रफळ) यांतला फरकही त्यांनीच काढून दिला. पुढे साठेखत नोंदवण्यापूर्वीच आमच्याकडे किमतीच्या २० टक्के रकमेची मागणी झाली, तेव्हा याच अधिनियमाच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत साठेखताशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, असे त्यांनी विकासकाच्या माणसांना स्पष्ट सांगितले. ज्यांच्याकडून दलाली मिळायची त्यांनाच असे सुनावणे सोपे नसते, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

पुनर्विक्रीचे घर घेतलेला वाचक

माझा अनुभव इतका चांगला नाही. एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेत होता, हे मला खरेदीखताच्या दिवशी विक्रेत्याकडून कळले. तोवर भावाची बोलणी त्याच्याच मार्फत झाली होती आणि मी जास्तीत जास्त किती देऊ शकतो, हे त्याला ठाऊक होते.

या व्यवसायातील एक वाचक

वरील तक्रार रास्त आहे. दोन्ही बाजूंचे काम करायचे असेल तर ते दोघांनाही आधी लेखी कळवावे, असे माझे ठाम मत आहे, कारण किंमत वाढली की आमची दलालीही वाढते आणि हा हितसंबंध केवळ तोंडी आश्वासनाने नाहीसा होत नाही. महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली, हे उत्तमच झाले. तरीही पुनर्विक्रीत खरे काम कागदपत्रांचेच असते. विक्रेत्याचे कर्ज बाकी असेल तर मूळ कागदपत्रे बँकेत असतात. अशा वेळी बाकी रकमेचे बँकेचे पत्र, सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी व बोजा यांच्या नोंदी तपासल्याचा अहवाल) हाती येईपर्यंत मी खरेदीदाराला मोठी रक्कम देऊ देत नाही. टोकन द्यायचेच असेल, तर व्यवहार कोणत्या कारणाने मोडल्यास ते परत मिळेल, हे पावतीवरच लिहून घेतो.