बायकांवरची हिंसा आणि परकीयद्वेष: विद्यापीठाने दोन्हींवर एका दमात बोलावं का?

मधलीसुट्टी: ऑगस्ट २०१९. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन विद्यापीठात पहिल्या वर्षाला असलेली १९ वर्षांची उयिनेने म्रवेत्याना पार्सल आणायला क्लेअरमॉन्टच्या पोस्टात गेली. काउंटरवरचा म्हणाला, वीज नाहीये, नंतर या. ती परत आली तेव्हा पोस्ट बंद झालं होतं. त्याने बलात्कार करून तिचा खून केला. विद्यापीठाने वर्ग बंद ठेवले, पोरं-पोरी संसदेवर धडकल्या. त्याच सुमारास जोहान्सबर्गमध्ये परदेश्यांची दुकानं लुटली-जाळली जात होती. तिथल्या विद्यापीठांनी दोन्हींचा एकत्र निषेध केला. मला ते पटलं. तुम्हाला?

पारावरचा: नाही पटलं. पोरीच्या दुःखात दुसरा विषय कशाला घुसडायचा? दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. सगळ्याचाच निषेध केला की कशाचंच उत्तर द्यावं लागत नाही. आपल्याकडची पत्रकं वाचतोच की.

मधलीसुट्टी: वेगळी कशी? "हे बाहेरचे आमच्या बायका नासवतात" ही तिथल्या जमावाची ठरलेली आरोळी आहे. आणि उयिनेनेचा खुनी कोण निघाला? त्याच देशातला, सरकारी पोस्टातला पगारी माणूस. नोव्हेंबरात तीन जन्मठेपा झाल्या त्याला.

खडीसाखर: +१. जोहान्सबर्गजवळचं क्रूगर्सडॉर्प आठवा, जुलै २०२२. खाणीपाशी शूटिंगला गेलेल्या आठ मुलींवर सामूहिक बलात्कार झाला. संशय बेकायदा खाणकाम करणाऱ्या परदेश्यांवर गेला. गावकऱ्यांनी त्यांना धरून बडवलं, झोपड्या पेटवल्या. १४ जणांवर बलात्काराचे आरोप ठेवले, पण डीएनए जुळलाच नाही आणि नोव्हेंबरात ते मागे घ्यावे लागले. त्या आठ जणींना काय मिळालं?

पारावरचा: हे पोलिसांचं अपयश झालं. कुलगुरूंनी काय तपास करायचा?

खडीसाखर: तपास नाही हो. पण जमाव बायकांचं नाव घेऊन काठी उचलतो तेव्हा "आमच्या नावाने नको" हे तिथल्या विद्यापीठांनी म्हणायलाच हवं. शिवाय झिम्बाब्वेची कितीतरी मुलं तिथेच शिकतात, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? २००८ला तिथे परदेश्यांविरुद्ध झालेल्या दंगलीत ६२ माणसं मेली, त्यातली २१ दक्षिण आफ्रिकेचीच नागरिक होती. जमाव पासपोर्ट बघत नाही.

पारावरचा: २१चा आकडा मला नवा आहे, मान्य. तरी माझा मुद्दा उरतोच. पुण्यात आफ्रिकेतली मुलं शिकतात, त्यांना खोली देताना घरमालक काय काय विचारतात ते ऐकलंय मी. विद्यापीठाने उद्या कितीही सुंदर पत्रक काढलं तरी तो घरमालक ते वाचणार आहे का?

मधलीसुट्टी: घरमालक नाही वाचणार. पण ते पत्रक हातात असलं की उद्या एखादी मुलगी विद्यापीठाच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीपुढे उभी राहून विचारू शकते, तुम्हीच लिहिलंत ना हे?

पारावरचा: समिती बसली तर! बसते का आधी ते सांगा.