मदत हवी आहे: गोल्फवाल्या दाजींचे बहाणे

पुढच्या महिन्यात दाजींच्या एकसष्टीला आम्ही सगळे लातूरला जमणार आहोत. दाजी पुण्यात गोल्फ खेळतात आणि हरले की बहाणा तयारच असतो. त्यावर मला छोटं भाषण करायचंय. मंडळी पोट धरून हसली पाहिजेत.

आतापर्यंत जमलेले: ऐन फटक्याला वारं फिरलं. मागं कुणीतरी खोकललं. हिरवळ सकाळी ओली होती, दुपारी कोरडी. नवी काठी अजून हाताला बसली नाही (नियमाने पिशवीत 14 काठ्या नेता येतात, म्हणजे दोष द्यायलाही 14!). माझा सगळ्यात आवडता मात्र हरवलेल्या चेंडूचा. शोधायला नियमाने 3 मिनिटंच मिळतात, त्यावर दाजी म्हणतात, "एवढ्या वेळात सुटलेला बैलसुद्धा सापडत नाही."

अडचण अशी की ऐकणाऱ्यांत बरेच शेतकरी आहेत, त्यांनी गोल्फ पाहिलेला नाही. जेमतेम 108 मिलिमीटरच्या होलात चेंडू घालायचा, हेच आधी समजवावं लागेल. तर गोल्फ खेळणाऱ्यांनी कानांवर आलेले खरे बहाणे सांगा, बाकीच्यांनी ते सोयाबीन, तूर, पावसाशी कसे जोडता येतील ते सुचवा. दाजींचा मान राखणारेच हवेत. ते मला फार जवळचे आहेत.