विषय: नाशिकच्या भाचीचं सिव्हिलसाठीचं मोटिव्हेशन लेटर, जाणकारांनी जरा वाचावं

प्रेषक: मावशी

नमस्कार मंडळी,

भाची नाशिकला असते, पंचवटीत. बारावी झाली, आता सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी अर्ज करतेय. त्यासोबत मोटिव्हेशन लेटर, म्हणजे हा विषय का शिकायचाय ते सांगणारं पत्र, द्यायचंय. मुदत 15 जुलै. तिच्या पत्राचा मुख्य परिच्छेद खाली चिकटवतेय. भाषा मी बघेन. विषयातलं कच्चं काय आहे ते या ईमेल यादीवरच्या इंजिनिअर मंडळींनी सांगावं. तिलाही सीसीत ठेवलंय, थेट तिलाच लिहा.

> लहानपणापासून मला शहरांचं आकर्षण आहे. दरवर्षी पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की माझ्या नाशिकमध्ये पूर येतो आणि लोकांचे हाल होतात. सर विश्वेश्वरय्यांचा आदर्श समोर ठेवून मला स्मार्ट आणि शाश्वत शहरं घडवायची आहेत. नेदरलँड्सच्या 'रूम फॉर द रिव्हर'सारखा प्रकल्प गोदावरीवर व्हावा, हे माझं स्वप्न आहे.

---

प्रेषक: पावसाळी निचऱ्याचं काम करणारे काका

बेटा,

पत्र मनापासून लिहिलं आहेस. पण यातलं 'नाशिक' काढून 'कोल्हापूर' घातलं आणि धरणाचं नाव बदललं, तरी पत्र तसंच्या तसं उभं राहतं. अडचण इथे आहे. 'शहर सुधारायचंय' असं लिहिणारे शेकड्यांनी असतात. एक गल्ली मोजून लिहिणारा क्वचित सापडतो. तू गल्ली मोज.

आधी पुराचं वाक्य दुरुस्त करू. गावठाणात पाणी दोन वेगळ्या वाटांनी येतं. एक गोदावरीचं. गंगापूरचा विसर्ग वाढवला की रामकुंडावर पातळी चढत जाते आणि लोक तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी तिच्या गुडघ्याला लागलं की छातीला. या पाण्याची आगाऊ सूचना मिळते, दुकानदाराला माल हलवायला वेळ मिळतो. दुसरं नाल्यांचं: सरस्वती, वाघाडी, नासर्डी. धरणाचा एकही दरवाजा उघडलेला नसताना तासाभराच्या झडीत दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात जातात ते या दुसऱ्या वाटेने. सरस्वती नाल्यावर गाव वसलंय, नाला जमिनीखाली गेलाय. वरून दिसत नाही म्हणून तो संपला असं होत नाही. दोन्ही पाणी एकाच वेळी आलं की काय होतं, ते खरं शिकण्यासारखं आहे. त्यासाठी थोडं गणित कर, बारावीला पुरेल एवढंच लागतं.

क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता तासाला मिमीमध्ये, आणि अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसाचा किती भाग वाहून जातो तो. तिघांचा गुणाकार करून 360 ने भागलं की पाणी सेकंदाला किती घनमीटर वाहील ते मिळतं. समज 20 हेक्टर वस्ती एका उताराला आहे, सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक, म्हणून गुणांक 0.8. पाऊस तासाला 50 मिमी. उत्तर येतं 2.22 घनमीटर. ताळा करून बघ: 20 हेक्टरवर 50 मिमी म्हणजे 10,000 घनमीटर, त्याचे 80 टक्के 8,000, भागिले 3,600 सेकंद. जमलं.

आता हे पाणी नेणारा पाइप. 300 ला 1 उताराने टाकलेला 900 मिमीचा काँक्रीट पाइप मॅनिंगच्या सूत्राने (उतार, आकार आणि आतला खरबरीतपणा यांवरून प्रवाह काढायचं सूत्र; खरबरीतपणा 0.013 धरून) सेकंदाला 1.05 घनमीटर नेतो. गरजेच्या निम्मंही नाही. 1200 मिमीचा घेतला तर 2.25, म्हणजे काठोकाठ. कागदावर हिशेब सुटला. पण दोन पावसाळ्यांत पाइप आतून खरबरीत होतो, तळाशी गाळ बसतो. खरबरीतपणा 0.015 धरलास की तोच पाइप 1.95 वर येतो. 'पाइप टाकला तरी पाणी तुंबतं' ही तक्रार कित्येकदा इथूनच सुरू होते.

याहून मोठी गोष्ट पाइपच्या तोंडाशी आहे. पाइप नदीत सुटतो. 150 मीटर लांबीत 300 ला 1 म्हणजे एकूण अर्धा मीटर घसरण. नदी चढून तोंड बुडालं की जमिनीखालचा उतार कामाचा राहत नाही. गल्लीतलं पाणी आणि नदीचं पाणी यांच्या पातळीत जेवढा फरक, तेवढाच जोर मिळतो. फरक 20 सेंमी उरला तर 2.25 चे 1.42 होतात. फरक शून्य झाला तर वाहणं थांबतं. नदी आणखी चढली तर तिचंच पाणी गल्लीतल्या जाळीतून वर येतं. धरणातून 10,000 क्युसेक (सेकंदाला घनफूट) म्हणजे सेकंदाला 283 घनमीटर. त्यापुढे गल्लीचे सव्वादोन घनमीटर किस झाडाची पत्ती, असं वाटेल. पण इथे किती पाणी यापेक्षा कुठल्या पातळीला पाणी हे मोलाचं.

मग कोणी म्हणेल, तोंडाला एकमार्गी झडप बसवा. जरूर बसवावी. पण निर्माल्य, नारळाची शेंडी, प्लॅस्टिकची पिशवी झडपेच्या कडेत अडकली की ती बोटभर उघडी राहते, आणि बिजागरी गंजली की उघडतच नाही. शिवाय झडप नीट बंद झाली म्हणजे आतलं पाणी आतच. तासाला 8,000 घनमीटर. ते साठवायला 2 मीटर खोलीचं तळं धरलं तर जवळजवळ एक एकर जागा लागते, आणि गावठाणात एकरभर मोकळं कुठून आणणार? पंपाने 3 मीटर वर उचलायचं तर साधारण 95 किलोवॉटचा पंप, तोही वीज जाते त्याच वेळी चालणारा. म्हणून मी म्हणेन, वरच्या अंगाला, म्हणजे नाल्याच्या उगमाकडच्या सोसायट्या, मैदानं, पार्किंग इथे पाणी अर्धा तास जरी अडवलं तरी खाली फार फरक पडतो. हे पटत नसेल तर तुझ्या आकड्यांनी खोडून काढ. पत्र वाचणाऱ्या प्राध्यापकाला तेही आवडेल.

विश्वेश्वरय्यांबद्दल. आदर्श वगैरे नको. खडकवासल्याला 1903 मध्ये बसलेली त्यांची आपोआप उघडणारी दारं कशी चालायची ते दोन वाक्यांत सांगता आलं तर नाव ठेव, नाहीतर काढ.

---

प्रेषक: नेदरलँड्समधल्या नाईमेखेनहून एक सभासद

नमस्कार,

'रूम फॉर द रिव्हर'चं नाव घ्यायचं तर ते काय होतं हे आधी बघ. 1993 आणि 1995 ला इथे नद्या चढल्या, 1995 मध्ये अडीच लाखांच्या आसपास माणसं हलवावी लागली. त्यानंतर ठरलं की बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीला पसरायला जागा द्यायची. आमच्या गावासमोर लेंटचा बांध 350 मीटर मागे घेतला, वाल नदीला शेजारून नवा प्रवाह खणला. पुराची पातळी साधारण 35 सेंमीने उतरली. त्यासाठी 50 घरं गेली.

रामकुंडापासून 350 मीटर मागे काय काय येतं, ते नकाशावर फूटपट्टी ठेवून बघ. इथली युक्ती तिथे उचलून ठेवता येत नाही. पण प्रश्न मात्र तोच आहे, नदीची जागा कोणती आणि आपली कोणती. आपल्याकडे त्याला निळी आणि लाल पूररेषा आहे, 25 वर्षांतून एकदाचा पूर आणि 100 वर्षांतून एकदाचा. नाशिकच्या विकास आराखड्यावर या रेषा कुठून जातात आणि तुझी गल्ली कुठल्या बाजूला पडते, हे एक वाक्य पत्रात आलं तर माझ्या देशाचं नाव घेण्याची गरज उरणार नाही.

गोदापात्रातल्या काँक्रीटचा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. दोन ओळींत त्याचा निकाल लावायला जाऊ नकोस.

---

प्रेषक: वाहतूक आणि गर्दीचं नियोजन करणाऱ्या ताई

काकांचं सगळं मान्य, पण नाशिकची गल्ली फक्त पाणी वाहून नेत नाही, माणसंही नेते. 2027 चा सिंहस्थ समोर आहे. 27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरीत 39 जण गेले. सिव्हिल निवडणाऱ्या नाशिकच्या मुलीच्या पत्रात हे यायला हवं असं मला फार वाटतं. नुसतं दुःख म्हणून लिहू नकोस, रुंदीचा प्रश्न म्हणून लिही.

सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 80 माणसं सुरळीत जातात. पायऱ्यांवर त्याहून कमी. 4 मीटरची गल्ली म्हणजे मिनिटाला 320, तासाला 19,000 च्या आसपास. तासाला एक लाख न्यायचे तर 21 मीटर रुंदी हवी, आणि तीही एकाच दिशेला चालणारी. चौरस मीटरला 5 माणसांच्या पुढे दाटी गेली की माणूस स्वतःच्या पायावर चालत नाही, गर्दी ढकलेल तिकडे जातो. मग उतार, ओली फरशी, दोन वाटा जिथे एकत्र येतात तो कोपरा, समोरून उलट येणारा एखादा जथा, यातलं काहीही पुरतं. मोजायची ती सगळ्यांत अरुंद जागा. बाकी वाट कितीही रुंद असो, निकाल त्या चिंचोळीवर लागतो. ओटे, पायऱ्या, उभ्या दुचाक्या, विजेचा डीपी वजा करून उरेल ती खरी रुंदी.

दोन्ही विषय एकत्र येतात ते रस्त्याच्या थरात. जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर पेव्हर ब्लॉक, प्रत्येक वेळी 5 ते 10 सेंमी. जुना थर खरवडून काढला नाही तर चार कामांत रस्ता फूटभर वर येतो आणि वाड्याचं जोतं रस्त्याच्या खाली जातं. पाणी मग घरात शिरणारच. चेंबरचा ढापाही उंच करत नेला नाही तर तिथे खळगा होतो आणि गर्दीत पाय त्यातच जातो. वाड्याच्या दाराशी उभं राहून बघ, उंबऱ्याआधीच्या किती पायऱ्या रस्त्यात गाडल्या गेल्यात. तो फोटो पत्राबरोबर नसला तरी चालेल, आकडा मात्र हवा.

---

प्रेषक: भाची

काका, ताई, आणि नाईमेखेनचे काका,

सगळ्यांचे खूप आभार. परिच्छेद पुन्हा लिहिला. आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्यात, मोजल्याशिवाय भरणार नाही.

> नाशिकच्या गावठाणातली एक गल्ली मी मोजली. तिची सगळ्यांत अरुंद रुंदी ___ मीटर आहे, रस्ता जुन्या जोत्यापेक्षा ___ सेंमी वर गेला आहे, आणि गल्लीच्या खोलगट भागापासून नदीकडच्या तोंडापर्यंत ___ मीटरमध्ये ___ सेंमी उतार आहे. ___ जूनच्या पावसात दहा मिनिटांत ___ मिमी पाणी पडलं आणि ___ मिनिटांनी ते उंबऱ्याला लागलं. नदी चढलेली नसताना हे झालं. नदी चढलेली असती तर हा उतार कामाला आला नसता. अशा ठिकाणी पाणी आधी कुठे अडवावं हे मला शिकायचं आहे. याच गल्लीतून सिंहस्थात माणसं जातात, म्हणून उत्तर फक्त पाण्याचं असून चालणार नाही.

विश्वेश्वरय्या आणि नेदरलँड्स दोन्ही काढले. उतार कसा मोजू? लेव्हल मशीन कुठून आणणार? आणि पाऊस मोजायला काय वापरू?

---

प्रेषक: पावसाळी निचऱ्याचं काम करणारे काका

आता हे पत्र दुसऱ्या कुणाचं होऊ शकत नाही.

मशीन नको. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घे, 10 मिमीची, 16 मीटर. पाणी हळूहळू भर, बुडबुडा राहता कामा नये, रंगाचा एक थेंब टाकलास तर लगेच दिसतो. दोन टोकं दोन पट्ट्यांना लावून दोन माणसांनी उभं राहायचं. वाचताना दोन्ही टोकं उघडी हवीत, एकावर अंगठा राहिला तर सगळं चुकतं. नळीला पीळ नको, आणि अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत नको. सकाळी सातच्या आत कर, रहदारीही नसते. 15-15 मीटरचे टप्पे घेत जा, प्रत्येक टप्प्यावर रस्त्यावर खडूची खूण. शेवटी उलट मोजत परत ये. जाताना आणि येताना 150 मीटरमध्ये 2 सेंमीपेक्षा जास्त तफावत आली तर पुन्हा मोज. ही रस्त्याची पातळी झाली, पाइपच्या तळाची नव्हे. पत्रातही तसंच लिही.

पावसासाठी सरळ भिंतींचा डबा, तोंड आणि तळ सारख्याच मापाचे. गच्चीच्या मधोमध, पाण्याच्या टाकीपासून लांब. दर दहा मिनिटांनी पट्टी बुडवून वाच आणि घड्याळाची वेळ लिही. दिवसभराचा एकच आकडा इथे उपयोगाचा नाही. 50 मिमी चोवीस तासांत पडला तर गल्लीला कळतही नाही. पाऊस चालू असताना एकीने डब्याजवळ, एकीने उंबऱ्याजवळ, दोघींची घड्याळं आधी जुळवून.

जाळीचं माप वरून घे. लांबी, रुंदी, दोन गजांमधली फट, आणि किती भाग कचऱ्याने बुजलाय. 60 बाय 45 सेंमीची जाळी अर्धी बुजली की खालचा 1200 चा पाइप रिकामा आणि रस्ता भरलेला, असंही होतं. ढापा मात्र उघडायचा नाही आणि आत डोकावायचंही नाही. तिथे साचलेल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. पाऊस सुरू असताना नाल्याच्या काठावर जायचं नाही. त्या जागेचा आकडा मोकळा राहिला तर मोकळाच पाठव.