लहान गाडीला कमी पेट्रोल खाणारे टायर: कोकणातल्या पावसाला कुठले चालतील?

लाल_माती

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची वॅगनआर, एक लिटर पेट्रोल, कंपनीचा साइज १५५/८० आर १३. चारही टायर नक्षीतल्या झिजेच्या खुणेपर्यंत झिजलेत, मिरगाच्या आत बदलायचे आहेत. वापर वर्षाला साधारण १२,००० किलोमीटर: रोज कुडाळ-मालवण, अधूनमधून आंबोली घाट, बाकी वाडीतले जांभ्याचे रस्ते. ॲव्हरेज २० च्या आसपास.

पेट्रोल वाचवणारे टायर म्हणतात त्याने खरंच किती फरक पडतो? असे टायर पावसात घसरतात हे कितपत खरं? दुकानात १६५/८० टाका म्हणून सांगतायत, गाडी थोडी उंच बसेल म्हणे. आणि दोन आता, दोन दिवाळीनंतर असं केलं तर चालेल का?

खाडीकाठ

आधी शब्दाचा घोळ सोडवू. टायरच्या दुकानात "मायलेज" म्हणजे टायर किती किलोमीटर टिकेल ते. तुम्ही काउंटरवर "मायलेजवाला टायर द्या" म्हणालात की समोरचा माणूस अगदी प्रामाणिकपणे जास्त टिकणारा टायर काढून देतो. सिएटच्या "मायलेझ"चा अर्थही तोच, टिकाऊपणा. तुम्हाला हवाय तो लो रोलिंग रेझिस्टन्सचा टायर, फिरताना इंजिनाची कमी ताकद खाणारा. हेच शब्द वापरा.

टायर रस्त्याला टेकतो तिथे रबर दबतं आणि पुढे गेल्यावर पुन्हा उसळतं. दाबायला लागलेली सगळी ताकद परत मिळत नाही, उरलेली उष्णता होऊन जाते. तेच तुमचं वाया गेलेलं पेट्रोल. नक्षीच्या रबरात काजळीऐवजी सिलिका जास्त घातली की ही उष्णता कमी होते आणि ओल्या रस्त्यावरची पकडही राहते. म्हणून चांगल्या कंपनीचा इंधन वाचवणारा टायर पावसात घसरतो हे सरसकट खरं नाही. घसरतात ते केवळ टिकाऊपणासाठी कडक ठेवलेले स्वस्त टायर, आणि वयाने कडक झालेले जुने.

फरक किती? रोलिंग रेझिस्टन्स १० टक्क्यांनी कमी झाला तर इंधन साधारण १ ते २ टक्के वाचतं. चांगला आणि सामान्य टायर यांत २० टक्क्यांचा फरक धरला तरी बचत २ ते ४ टक्के. तुमच्या १२,००० किलोमीटरला ६०० लिटर लागतात, त्याचे ३ टक्के म्हणजे १८ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला १,८९० रुपये. टायर चार वर्षं चालले तर ही रक्कम बारीक नाही, पण २० चे २४ होतील अशी आशा कुणी लावली तर मनावर घेऊ नका.

ब्रिजस्टोनची इकोपिया आणि सिएटची फ्युएलस्मार्ट या मालिका इंधन डोळ्यांपुढे ठेवूनच केलेल्या. मिशेलिनच्या एनर्जी एक्सएम २ प्लसमध्ये सिलिका आहे आणि तिचा भर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकवर आहे. प्रत्येक मालिका प्रत्येक साइजमध्ये येत नाही, तेव्हा आधी फोन करून १५५/८० आर १३ मध्ये काय शिल्लक आहे ते विचारा. बीईईची (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो) स्टार लेबल योजना टायरांसाठीही आहे. लेबल असेल तर जरूर बघा, पण सगळ्या टायरांवर ते सापडणार नाही. आयएसआय खूण मात्र असायलाच हवी.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पंधरा दिवसांनी "टायर फसवे निघाले" म्हणाल. गोटा झालेला, म्हणजे नक्षी झिजलेला टायर त्याच जातीच्या नव्या टायरपेक्षा कमी पेट्रोल खातो, कारण दबायला रबरच उरलेलं नसतं. नव्याची नक्षी ७-८ मिलिमीटर खोल, तुमची आता जेमतेम १.६. त्यामुळे बदलल्यावर ॲव्हरेज थोडं उतरलं तर तो टायरचा दोष नाही.

नटबोल्ट

साइजचं मी सांगतो. १५५/८० आर १३ म्हणजे रुंदी १५५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १३ इंची. त्याचा व्यास ५७८ मिलिमीटर, १६५/८० चा ५९४. म्हणजे २.८ टक्के मोठा. गाडी उंच होते ती फरकाच्या निम्मी, फक्त ८ मिलिमीटर. त्यासाठी वजन वाढतं, वारा अडवायला रुंदी वाढते, आणि प्रत्येक गिअर तेवढा लांब पडल्याने आंबोलीच्या चढाला दुसऱ्या गिअरवर गाडी कुंथते. वळणावर चाक पूर्ण वळवलं की चाकावरच्या आतल्या प्लास्टिकला (लायनर) घासतं का तेही बघावं लागतं.

शिवाय हिशेबच चुकतो. मोठ्या चाकावर ५०० किलोमीटर प्रत्यक्ष गेलात तर मीटर ४८६ दाखवतो. मग टाकी फुल करून काढलेलं ॲव्हरेज आहे त्यापेक्षा कमी दिसतं, आणि काट्यावर ८० असताना गाडी ८२ च्या पुढे असते. कंपनीचाच साइज ठेवा. पातळ टायर पाणी कापत जातो, साचलेल्या पाण्यावर तरंगायला त्याला जास्त वेग लागतो. कोकणात हा फायदाच आहे.

साइजच्या पुढे ७९टी असं काहीतरी लिहिलेलं असेल. ७९ म्हणजे एका टायरवर ४३७ किलो, टी म्हणजे ताशी १९०. जुन्या टायरवर जो आकडा असेल त्याच्या खाली जाऊ नका. सीएनजी बसवायचा विचार असेल तर हे आणखी महत्त्वाचं, सिलिंडरचं वजन मागच्या चाकांवर येतं.

साइडवॉलवर चार आकड्यांची तारीख बघून घ्या. ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मागा. वर्षभर गोदामात पडलेला टायर लगेच खराब होत नाही, पण पैसे नव्याचे देताय तर माल ताजा घ्यावा.

घाटवळण

दोन-दोन बदलण्याबद्दल. चालेल, पण नवे दोन मागे बसवा. पुढच्या चाकांनी गाडी ओढते म्हणून दुकानात नवे पुढेच टाकतात, ते पावसाळ्यात धोक्याचं. पुढची चाकं सुटली तर स्टिअरिंग हलकं लागतं, तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता आणि गाडी सावरते. मागची सुटली तर गाडी उलटी फिरते, आणि घाटात ती सावरायला जागाच नसते.

तुमच्या बाबतीत मात्र दोन-दोनचा विचार सोडाच. चारही खुणेला आलेत. १.६ मिलिमीटर ही कायद्याने टाकून द्यायची मर्यादा, आणि पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपते. आपल्याकडे ३ मिलिमीटरला बदलायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. आमराईच्या सावलीतल्या रस्त्यावर ऑगस्टमध्ये शेवाळ धरतं, ते इतकं बुळबुळीत असतं की नवी नक्षीसुद्धा कमी पडते. तिथे वेग हाच इलाज.

नव्या टायरच्या अंगावर साच्यातून सुटायला लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड कमी राहते, म्हणून मिरगाच्या आदल्या दिवशी नको, मे महिन्याच्या मध्यालाच टाका. कोरड्या रस्त्यावर थर निघून जाईल.

लाल_माती

मायलेज शब्दाचं लक्षात आलं, मी तसंच विचारत होतो! चारही बदलतो, साइज तोच. बसवताना काय काय करून घेऊ? आणि जुन्या टायरची आतली कडा जास्त खाल्लीय, त्याचं काय?

नटबोल्ट

आतली कडाच महत्त्वाची, ती आधी सोडवा. हाताचा तळवा टायरवर आडवा फिरवा, बाहेरून आत आणि परत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो, म्हणजे चाकांचं तोंड सरळ पुढे असण्याचं माप, बिघडलाय. टोचत नाही, नुसती आतली कडा सपाट गेलीय तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा लोअर आर्मचा बुश (चाक धरणाऱ्या दांड्याचं रबर). खड्ड्यांच्या रस्त्यावर बुश आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगचे सांधे) ढिले होतात, आणि ते ढिले असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी चाक उचलून हलवून बघायला सांगा.

टोचं पेट्रोलशी थेट नातं आहे. दोन्ही रिमच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर यांत ३ मिलिमीटर फरक असला तर साधारण ३६० मिलिमीटरच्या रिमवर किलोमीटरमागे दोन्ही चाकं मिळून ८ मीटर आडवी घासली जातात. असा टो ठेवून महागातला टायर घेतला तर वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

बसवताना चारही रबरी व्हॉल्व्ह नवे घ्या, ते टायरबरोबरच म्हातारे झालेले असतात. टायर उतरला की रिमची आतली कड बघा. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी रिमला तिथे गंज धरतो आणि ट्यूबलेसची हवा हळूहळू निसटते. तारेच्या ब्रशने गंज काढून, पुसून, बीड सीलर (टायर-रिममधली फट बुजवणारा लेप) लावून मग टायर चढवा. जुनी वजनं काढून नव्याने बॅलन्सिंग. नट एअर गनने शेवटपर्यंत ठोकू देऊ नका, शेवटची आवळणी हाताने, आणि ५०-६० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

खाडीकाठ

हवेचं राहिलं. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो थंड टायरचा आहे. सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत. मालवणहून उन्हात आल्यावर मोजाल तर काही पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्तच दिसतील. ती हवा सोडू नका.

एक पीएसआय कमी म्हणजे ०.२ टक्के इंधन जादा. ट्यूबलेस महिन्याला १-२ पीएसआय आपोआप गमावतो. चार महिने बघितलं नाही तर ८ पीएसआयपर्यंत गेले, म्हणजे दीड टक्का पेट्रोल, वर दोन्ही कडा झिजणार आणि पाण्यावर तरंगायचा वेगही खाली येणार. स्वतःचा गेज घ्या, पंपावरचे बरेचदा चुकतात. नायट्रोजनला वेगळे पैसे मोजू नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे.

फरक मोजायचा असेल तर एकाच पंपावर, एकाच नोझलला, पहिल्या कटऑफला थांबून टाकी भरा आणि तीन टाक्यांची सरासरी काढा. मे मधली एसीची टाकी आणि जुलैमधली वायपरची टाकी यांची तुलना करू नका.

घाटवळण

आणि स्टेपनी बघा. २०१९ पासून डिकीत पडून असेल तर नक्षी कोरी असली तरी रबर सहा वर्षांच्या वर गेलंय. साइडवॉलला बारीक भेगा असतील तर पाचवा टायरही घ्या. भेगा नसतील तर स्टिकरपेक्षा ३-४ पीएसआय जास्त हवा भरून ठेवा, गरज पडेल तेव्हा थोडी सोडता येते. गगनबावड्याच्या बाजूला रात्री पंक्चरवाला शोधावा लागू नये.

लाल_माती

स्टेपनीची तारीख २११९ निघाली, आणि व्हॉल्व्हजवळ भेगा आहेत. पाच टायर आणि पाच व्हॉल्व्ह लिहून घेतले. बुश उद्या दाखवतो, अलाइनमेंट त्यानंतरच.