पॅनेल पुसा, पण पहाटे

कुणीतरी विचारलंय, ऊन वाढलं तरी सोलरची वीज का वाढत नाही? आमचं घर नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे, विजेची तार नाहीच. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी देतं. चैत्रात दुपारी काचेला हात लावून बघा, चटकाच बसतो. त्यात शेजारी कांदा काढणी, सगळी धूळ आमच्याच छतावर! मी पहाटे ओल्या फडक्याने पुसतो. तापल्या काचेवर गार पाणी नको. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटरही आता वरचेवर बघा. गेल्या वर्षी विसरलो, प्लेटा उघड्या पडल्या, बॅटरी गेली.

परवा पॅनेलखाली होल्याचं घरटं दिसलं, चार काटक्यांवर दोन अंडी. तेवढी बाजू सध्या तशीच धुळकट ठेवलीय.