गुळव्याची दोन बोटं: ऑनलाइन स्पर्धेत फोटो नेमका कशावर निवडला जातो?

सावलीमागे (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एका ऑनलाइन फोटो स्पर्धेला चार फोटो पाठवले. विषय होता ‘हात’. तीन पहिल्याच फेरीत गळाले, चौथा शेवटच्या दहांत गेला. गेला त्याच्यावर माझाच सगळ्यांत कमी भरवसा होता. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून इथं मांडतो. पटलं नाही तर स्पष्ट सांगा.

पहिला फोटो जोतिबाच्या चैत्र यात्रेतला: सासनकाठी (देवाची उंच काठी) तोलणारे हात आणि वर गुलालाचा ढग. दुसरा पट्टणकोडोलीच्या यात्रेतला, भंडारा उधळणाऱ्या हातांचा. तिसरा तालमीतला: एक पैलवान दुसऱ्याच्या पाठीवर माती उधळतोय, वरच्या झरोक्यातून उजेडाची तिरीप आलीय. चौथा आमच्या कोल्हापूरकडच्या गावाजवळच्या गुऱ्हाळातला. गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्यानं, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळायला घेतलीय, एवढंच. दोन बोटं, त्यांत मधाच्या रंगाची गोळी, मागं त्याचे बारीक केलेले डोळे. बाकी सगळी वाफ. (तिसरा आणि चौथा सोबत जोडलेत.)

निकालानंतर मी चारही फोटो मोबाईलवर पोस्टाच्या तिकिटाएवढे केले आणि आईला हातभर लांबून दाखवले. पहिल्या तिघांवर ती म्हणाली, “यात्रा. ही पण यात्रा. ही तालीम.” चौथ्यावर म्हणाली, “पाक आला का बघतोय.”

मला माझं उत्तर तिथंच मिळालं. तीन फोटोंत तिनं जागा ओळखली, चौथ्यात काम ओळखलं. परीक्षकांपुढं शेकडो फोटो एकामागून एक सरकत असतात. यात्रेचे फोटो काढताना माझ्या आजूबाजूला तीसेक कॅमेरे होते, म्हणजे तसेच फोटो त्यांच्याकडं आधीच पोचलेले असणार. त्या गर्दीत टिकलीएवढा केला तरी ‘काय चाललंय’ हे सांगणारा फोटोच पहिली फेरी ओलांडतो. रंग, लेन्स, एडिटिंग या गोष्टी त्यानंतर कामाला येतात, असं माझं मत झालंय.

एकशेवीस_फिल्म

अर्धाच सहमत. आशय चांगला असूनही निव्वळ फाइलमुळं मार खाल्लेले फोटो मी खूप पाहिलेत, आणि तुमचे पहिले दोन त्यातलेच वाटतात.

सासनकाठीचा फोटो उभा होता का? बऱ्याच सलोन स्पर्धांत (छायाचित्र मंडळांच्या प्रदर्शन-स्पर्धांत) आडवी मर्यादा १९२० आणि उभी १०८० पिक्सेलची असते. दोनास तीन प्रमाणातला आडवा फोटो त्यात १६२० बाय १०८० बसतो. तोच उभा धरला की ७२० बाय १०८०. क्षेत्रफळ काढा, निम्म्याहूनही कमी पडद्यावर तुमची सासनकाठी उभी राहिली. एवढी उंच काठी, आणि परीक्षकाला दिसली काडी!

दुसरं म्हणजे गुलाल. कॅमेऱ्याचा लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची नोंद, गुलालात सगळ्यात आधी फुटतो, मर्यादेबाहेर जातो. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल वेगळा काढून बघितला तर उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. मग ढगातले कण जातात आणि गुलाबी थर तेवढा उरतो. भंडाऱ्यात लाल आणि हिरवा दोन्ही फुटतात. अशा ठिकाणी मी एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली ठेवतो आणि सॅच्युरेशनला हातही लावत नाही. आणि फाइल एसआरजीबीत, म्हणजे बहुतेक स्क्रीन वाचतात त्या रंगपद्धतीत, पाठवायची. ॲडोब आरजीबीत गेली आणि समोरच्या स्क्रीननं ती नीट वाचली नाही, तर गुलाल मळकट दिसतो.

गुऱ्हाळाच्या वाफेत यातलं काहीच आडवं आलं नाही. मऊ उजेड आणि दोनच रंग, म्हणून तो फोटो तरला.

सावलीमागे

सासनकाठीचा उभाच होता. लाल चॅनल आत्ता बघितला, तुमचं बरोबर आहे, सपाट झालाय. पण आईनं तो बघितला माझ्याच मोबाईलवर, चांगल्या रंगात. तरी तिला तिथं ‘यात्रा’च दिसली.

चिपाड

आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे, आजोबांच्या वेळेपासून. तुमचा फोटो बघितला. चांगला आहे, पण मला राग आला. का ते सांगतो.

तुमच्या फोटोत गुऱ्हाळ कुठं आहे? काहील (रस उकळायची मोठी कढई) न्हाई, तिच्याखालचं चुलवाण न्हाई, घाणा न्हाई, मळी काढणारा न्हाई. एका आधणाला, म्हणजे एकदा काहील भरून गूळ काढायला, अडीच-तीन तास जातात. भेंडीचं पाणी घालून मळी वर आणायची, ती काढत राहायची, पाक उतू जाईल तसा झारा फिरवायचा, शेवटी चौघांनी काहील उचलून वाफ्यात, गूळ थंड करायच्या जागी, ओतायची. पाय घसरला तर माणूस भाजून निघतो. आणि चुलवाणाच्या तोंडाशी जो बसतो, चिपाडाच्या (रस काढलेल्या उसाच्या) पेंढ्या आत सारतो, त्याच्या हातावर केस राहत न्हाईत. गुळव्या वरून म्हणतो, “जाळ कमी कर,” आणि खालचा हात आवरतो. गूळ त्या दोघांच्या ताळमेळावर होतो. तुमच्या स्पर्धेचा विषय ‘हात’ होता ना? मग सगळ्यात भाजलेले हात तुम्ही वाफेत घालवलेत, आणि तोच फोटो शेवटच्या दहांत गेला.

वाफेनं मागची अडचण, सगळा पसारा झाकला म्हणून फोटो चालला, असंच तुमच्या दोघांच्या बोलण्यातून निघतंय. ती अडचण म्हणजे आमचं गुऱ्हाळ आहे. असला फोटो ऊस पिकणाऱ्या कुठल्याही मुलखात काढता येईल. त्यात कोल्हापूर उरलं न्हाई.

लाल_माती

चिपाडदादांना शंभर टक्के अनुमोदन. तालमीच्या फोटोबद्दल मीही बोलतो, बारा वर्षं माती खेळलोय.

तालमीतली माती उधळायची वस्तू नव्हे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घातलेलं असतं, रोज खोऱ्यानं उकरून ती मऊ करतात. पैलवान ती चिमूटभर घेऊन कपाळाला लावतो, पकड सुटू नये म्हणून हाताला आणि जोडीदाराच्या अंगाला चोळतो. फोटोत दिसतो तसा मातीचा कारंजा कोण उडवतं? फोटोवाल्यानं सांगितलं की उडवतात. पोरं भोळी असतात, हौसेनं पाचदा, दहादा उडवून देतात. डोळ्यात गेली की दिवसभर चोळत बसतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

तुमच्या फोटोतला पैलवान जोडीदाराकडं बघतच नाही, उजेडाकडं बघतोय. घिश्शावर बसलेला किंवा पट काढणारा, म्हणजे खरा डाव करणारा माणूस असा कधी दिसणार नाही, त्याचं सगळं अंग समोरच्याच्या तोलावर असतं. परीक्षकांना कुस्ती कळत नसेल, पण खोटं वागणारं अंग कुणालाही कळतं. तिसरा फोटो गळाला ते बरंच झालं.

सावलीमागे

लाल_माती, खरं सांगतो, माती मी उधळायला लावली नव्हती. आमच्या गटातल्या एकानं सांगितलं आणि मी शेजारी उभा राहून काढला. पण काढला, आणि स्पर्धेला पाठवलाही. चूक माझीच.

महाद्वारातला

परीक्षक असतील तर या सगळ्या चर्चेला अर्थ आहे. लाइकवर निकाल लागतो त्या स्पर्धेत ज्याचे नातेवाईक जास्त, त्याचा फोटो चांगला. दोनदा भाग घेतला, पुन्हा घेणार नाही.

निरंजनी

मी काही वर्षं एका छायाचित्र मंडळाच्या स्पर्धांचं परीक्षण केलंय, तेव्हा पडद्यामागून थोडं सांगते.

‘लहान आकारात वाचला गेला पाहिजे’ हे पहिल्या फेरीपुरतं खरं आहे, नाकारत नाही. पण पुढं काय होतं त्याचा धागाकर्त्यांनी विचार केलेला नाही. समजा, आम्ही तिघं परीक्षक आहोत आणि प्रत्येकानं नऊपैकी गुण द्यायचे आहेत. एका फोटोला दोघांनी नऊ-नऊ दिले, तिसऱ्याला तो अजिबात रुचला नाही म्हणून त्यानं तीन दिले. बेरीज एकवीस. दुसऱ्या फोटोला सात, सात आणि आठ. बेरीज बावीस. दोघांना झोप येऊ न देणारा फोटो हरला आणि कुणालाच न खटकणारा जिंकला. हे मी कितीदा होताना पाहिलंय. तुमचा गुळव्या सुंदर आहे, पण कुणाला खटकणाराही नाही. चिपाडदादांना हवा असलेला, धुराचा आणि अडचणीचा फोटो आला असता तर मी त्याला नऊ दिले असते. बाकी दोघांचं सांगता येत नाही.

आता लाल_माती यांच्या मुद्द्याबद्दल. आम्हाला कळतंच असं नाही. लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणारा लांडगा पहिला आला. तो लांडगा बहुधा माणसाळलेला होता, असा निष्कर्ष निघाल्यावर २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. तज्ज्ञ परीक्षकांनीच तो निवडला होता. वर्ल्ड प्रेस फोटोनं २०१५ मध्ये मूळ फाइल मागवून ताडून पाहिल्या, तेव्हा शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्यांतले २० टक्के फोटो फेरफारामुळं बाद झाले. आणि २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयनं बनवलेली प्रतिमा एका विभागात विजेती ठरली. बनवणाऱ्यानं स्वतःहून बक्षीस नाकारलं म्हणून तिची एवढी चर्चा झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत उलटं झालं. एआय विभागात फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो घुसवला गेला आणि त्याला बक्षीसही लागलं! कळल्यावर तो बाद केला.

म्हणून आमच्या मंडळात शेवटच्या वीस फोटोंची रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली) मागवायचीच, असा मी हट्ट धरला होता. मागेपुढे काढलेले चार फोटोही मागवत होतो. माती दहा वेळा उडवलेली असली की त्या चारांत दिसते.

चित्रपडदा

चिपाड यांच्या विरोधात बोलतोय, राग मानू नये.

चौकटीबाहेर किती टाकायचं हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. मूकपटांच्या काळातले इथले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा तयार केला. त्याआधी ते आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. पडदा शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळला पाहिजे, म्हणून रंगवणारा प्रत्येक वीट काढत बसत नाही, चार काढतो आणि भिंत उभी करतो. पडद्यावर वीट कमी पडली म्हणून वाडा खोटा होत नाही. गुळव्याच्या फोटोत काहील दिसत नाही, पण वाफ काहिलीचीच आहे. ज्याला गुऱ्हाळ माहीत आहे त्याला त्या वाफेत काहील दिसते.

चिपाड

ज्याला माहीत आहे त्याला दिसते, बरोबर. ज्याला न्हाई त्याला काय दिसतं? स्पर्धेचा परीक्षक कुठल्या देशात बसलाय कुणास ठाऊक. त्याला वाटेल, म्हातारा चहा करतोय.

पडद्याचं म्हणाल, तर पडद्यापुढं नट असतात, ते बोलतात. फोटोपुढं कोण बोलणार?

एकशेवीस_फिल्म

शीर्षक बोलतं. धागाकर्त्यांनी फोटोला काय नाव दिलं होतं?

सावलीमागे

‘साधना’.

निरंजनी

मला वाटलंच. ‘साधना’, ‘आशा’, ‘जीवनगाणे’ ही नावं माझ्यासमोर इतक्यांदा आलीत की मी शीर्षक वाचणं सोडून दिलं होतं. ‘पाक आला का बघताना’ असं लिहिलं असतं तर मी थांबून वाचलं असतं. आईंनी सांगितलेलंच नाव होतं की ते.

सावलीमागे

खरंय, ते समोर असून मला दिसलं नाही. नाव बदलतो.

चिपाडदादा, तुमचा प्रतिसाद मी काल रात्रीपासून चार वेळा वाचला. एका फोटोत दोन माणसं घेतली तर नजर फाटते, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. वरचा गुळव्या आणि खाली चुलवाणाशी बसलेला, यांच्यामध्ये अख्खी काहील येते. ते एका चौकटीत बसवायला गेलो तर दोघंही बोटाएवढे होतील आणि पहिल्याच फेरीत जातील. पण त्या दिवशी मी तीन तास गुऱ्हाळात होतो आणि खाली एकदाही उतरलो नाही. आत्ता कार्डावरचे दोनशे बारा फोटो पुन्हा काढून बघितले. चुलवाणाशी बसलेल्या माणसाचा एकही नाही. एका कोपऱ्यात त्याचं पायताण तेवढं आलंय.

चिपाड

फोटोमालिकेचा विभाग असतो ना स्पर्धेत? त्यात पाठवा, वरचा आणि खालचा दोघंही. गळाले तर गळाले.

दिवाळीनंतर आमचं गुऱ्हाळ लागेल. पहिल्या आधणाला या, पहाटे. जाळ घालायला माझा चुलतभाऊ असतो. सूर्य वर आला की पूर्वेकडच्या पत्र्याच्या फटीतून उजेड बरोबर त्याच्या हातावर पडतो, अर्धा तासच. त्याला उभं राहा, बस, असलं काही सांगू नका. तो थांबला तर पाक करपतो.

सावलीमागे

येतो. काही सांगणार नाही. चुलवाणापासून किती लांब उभं राहता येईल तेवढं कळवा, लेन्स त्या हिशेबानं घेतो.

चिपाड

चार हात. त्याच्या आत आलात तर भुवया जातील.