मदत हवी आहे : अंडरवेअरच्या डब्यावर लिहिलेलं कापड नेमकं कोणतं?

आठवडी बाजार

गावात होजियरीचं लहान दुकान आहे, बाजाराच्या दिवशी पालही टाकतो. माल नागपूरच्या गांधीबाग या ठोक बाजारातून येतो. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, मजूर, ट्रॅक्टरवाले आणि थोडी कॉलेजची पोरं. डब्यांवर कोम्ब्ड, ४० काउंट, सुपर कोम्ब्ड, इंटरलॉक, बायोवॉश, मोडल, बांबू, लायक्रा असं काय काय छापलेलं असतं. ठोकवाल्याला विचारलं तर "शंभर टक्के कॉटन आहे, डोळे झाकून न्या" एवढंच उत्तर मिळतं. पण दोन डब्यांवर हेच लिहिलेलं असून दरात दीडपट-दुप्पट फरक असतो.

गिऱ्हाइकांच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. धुतल्यावर बाजूची शिवण फिरून पुढं येते. दोन मांड्यांच्या मधे फाटते. इलास्टिक सैल पडतं. पावसाळ्यात निंदणाच्या दिवसांत मांड्या सोलतात. यातलं काय कापडामुळं होतं, काय शिलाईमुळं आणि काय धुण्यामुळं? माल घेताना उभ्या उभ्या काय तपासावं? जाणकारांनी सांगावं.

सरकी ते सूत

भाऊ, "शंभर टक्के कॉटन" यातून तंतू कोणता एवढंच कळतं. सूत कसं काढलं, ते कसं विणलं आणि विणल्यावर त्याच्यावर काय प्रक्रिया केली, दरातला फरक तिथं पडतो.

आधी काउंट. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतात तो आकडा म्हणजे काउंट. म्हणून आकडा मोठा तितकं सूत बारीक. ४० म्हणजे ३० पेक्षा बारीक, भारी नव्हे. बारीक सुताचं कापड मऊ आणि हलकं असतं, पण सैल विणलं तर लवकर विरतं. बनियनला ४० चांगलं. रोज शेतात वापरायच्या चड्डीला ३० ते ३४ चं घट्ट विणलेलं कापड जास्त टिकतं. आपल्याकडच्या बीटी संकरित पराटीचा, म्हणजे कपाशीचा, तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर लांबीचा असतो आणि हे काउंट त्यातून आरामात निघतात. "सुपिमा" लिहिलेलं असेल तर तो अमेरिकेतला लांब धाग्याचा पिमा कापूस. आपल्या गिऱ्हाइकासाठी त्याला जास्त पैसे मोजायची काही गरज नाही.

कोम्ब्ड म्हणजे कातण्याआधी कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले. त्यात साधारण १२ ते १८ टक्के माल बाजूला पडतो, म्हणून ते सूत महाग. नुसतं कार्डेड, म्हणजे पिंजलेलं पण न विंचरलेलं, असेल तर आखूड तंतूंची टोकं बाहेर राहतात, तीच पुढं घासून गोळे धरतात आणि कातडीला टोचतात. "सुपर कोम्ब्ड"ला ठरलेलं माप नाही, ती जाहिरात समजा.

बायोवॉश किंवा बायोपॉलिश म्हणजे एन्झाइमच्या पाण्यात कापडावरची लव खाऊन टाकलेली. काम चांगलं आहे, पण प्रमाण जास्त झालं तर कापड कमजोर होतं. आणि कार्डेड सुतावर भरपूर बायोवॉश केला की नवं असताना ते कोम्ब्डसारखंच लागतं, खरं रूप पाच-सहा धुण्यांनंतर कळतं. मर्सराइज्ड म्हणजे सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढलेलं. त्यानं चमक येते, मजबुती वाढते आणि रंग पक्का बसतो. जॉन मर्सर या इंग्रजानं १८५० मध्ये कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, त्याच्याच नावावरून हा शब्द पडला.

आता विणकाम, आणि तुमच्या निम्म्या तक्रारी इथंच आहेत. चड्डीचं कापड दोन प्रकारचं. एक यंत्रमागावर ताणा-बाणा घालून विणलेलं, जसं नाडीच्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीचं पॉपलिन. दुसरं सुयांवर फासे घालून विणलेलं, ते होजियरी. तिरुपूर आणि कोलकात्याहून येतं ते बहुतेक हेच. होजियरीत तीन जाती ओळखता आल्या पाहिजेत.

सिंगल जर्सी : वरच्या बाजूला उभ्या व्ही-व्हीच्या रांगा, आतून आडव्या अर्धचंद्राच्या. कापलेली कड आपोआप गुंडाळते. हलकी आणि स्वस्त. रिब : उभ्या खाचा, आडवी खूप ताणते आणि परत जागेवर येते. इंटरलॉक : दोन्ही बाजूंनी सारखेच व्ही, कड गुंडाळत नाही, जाड आणि गुळगुळीत.

शिवण फिरते ती सिंगल जर्सीची. सुताला दिलेला पीळ उकलायला पाहतो आणि फासे तिरके होतात. गोल मशिनीवर एकाच वेळी अनेक धागे चालतात, त्यानंही तिरकस चढतं. कारखान्यानं कापड वाफेवर दाबून बसवलं नसेल, ज्याला कॉम्पॅक्टिंग म्हणतात, तर पहिल्याच धुण्यात हे सगळं बाहेर येतं आणि वर लांबीही आटते. रिब आणि इंटरलॉकमध्ये दोन्ही बाजूंचे फासे एकमेकांना तोलून धरतात, म्हणून ती तक्रार जवळपास येतच नाही.

आठवडी बाजार

हे डब्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. आणि जीएसएम? ठोकवाला म्हणतो १८०, खरं-खोटं कसं पाहायचं?

सरकी ते सूत

सोपं आहे. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. एक नग फोडा, कापड न ताणता टेबलावर पसरा आणि १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन बरोबर कापा. शिवण त्यात येऊ देऊ नका. सोनाराच्या काट्यावर ठेवा. १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम, १.४ भरला तर १४०. काटा दोन दशांश दाखवणारा हवा, किराणा दुकानाच्या काट्यावर हे होत नाही.

बनियनला १२० ते १४० पुरतं. साध्या ब्रीफला १५० ते १७०. लायक्रा घातलेली ट्रंक १७० ते २००. त्यावर गेलं की नवतप्यात अंगावर ठेववत नाही आणि पावसाळ्यात वाळत नाही. वजन जास्त म्हणजे माल चांगला, हा समज आपल्याकडच्या ४५ अंशांत चुकीचा आहे.

लायक्रा हे एका कंपनीनं दिलेलं नाव, तंतूचं नाव इलास्टेन किंवा स्पँडेक्स. कॉटनमध्ये ५ ते ८ टक्के पुरे. कापड १० सेंटिमीटरचं १५ होईपर्यंत ताणा, मिनिटभर धरा, सोडा. परत १० वर आलं तर ठीक, ११ वर थांबलं तर त्या चड्डीचा गुडघ्याकडचा घेर महिन्याभरात लोंबणार.

ओव्हरलॉक

मांड्यांच्या मधे फाटण्याचं सांगतो. तिथं चार शिवणी एका ठिकाणी येतात आणि बसता-उठता सगळा ताण तिथंच पडतो. कापड चांगलं असूनही फाटतं, कारण शिवण ताणत नाही. होजियरीला साधी एकेरी सरळ शिलाई चालत नाही. ओव्हरलॉक, म्हणजे कडेवर धागे गुंडाळत जाणारी शिलाई, चार धाग्यांचा हवा, नाहीतर फ्लॅटलॉक. फ्लॅटलॉकमध्ये दोन कडा एकमेकींवर सपाट बसतात, आत वळी राहत नाही, त्यामुळं मांडीला काचतही नाही.

दुसरं कारण सुई. होजियरीला गोल टोकाची, म्हणजे बॉल पॉइंट सुई लागते, ९ किंवा ११ नंबरची. टोकदार किंवा बोथट सुई फासा बाजूला न सारता कापते. शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणून उजेडापुढं धरा. टाक्यांच्या कडेनं बारीक भोकांची रांग दिसली तर फासे कापले गेलेत, ते पुढं उसवत जाणारच. लायक्राचा धागा असा तुटला की शिवणीतून पांढरे केसासारखे तंतू बाहेर डोकावतात.

ज्या चड्डीत मधे मियानी, म्हणजे वेगळा चौकोनी किंवा पानाच्या आकाराचा तुकडा बसवलेला असतो, तिथं चार शिवणी एका बिंदूत येत नाहीत. मजुरी जास्त पडते म्हणून स्वस्त मालात ती गाळतात. तुमच्या गिऱ्हाइकाला खाली बसून काम करायचं असतं, त्याच्यासाठी मियानी पाहूनच घ्या.

नाडीच्या चड्डीचं वेगळं. पॉपलिन ताणत नाही, म्हणून घेरच मोठा लागतो. ३६ इंच पन्ह्याचं कापड एक ते सव्वा मीटर पडतं. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मगच बेतायचं. म्हाताऱ्या माणसांना ही चड्डी का सोडवत नाही, त्याला कारण आहे : कापड कातडीला चिकटत नाही आणि आतून हवा खेळते.

काळी माती

भाऊ, पावसाळ्यातलं मी सांगतो. कॉटन पाणी पिते अन् धरून ठेवते. निंदणात, रोवणीत माणूस सकाळपासून वल्ला राह्यते, वल्लं कॉटन मांडीले घासते अन् कातडी सोलते. त्यात ब्रीफची कड बरोबर जांघेत येते. मंग ब्रीफ कशाले देता? मांडी झाकणारी लांब ट्रंक द्या, कापड-कापड घासते, कातडी-कातडी घासत नाही. चिखलात काम करणाऱ्याले हलकं कापड अन् बदलाले दुसरी कोरडी चड्डी, एवढंच करा लागते. महागाच्या एका चड्डीपेक्षा मधल्या दराच्या दोन बऱ्या.

सरकी ते सूत

काळी माती यांचं बरोबर आहे, फक्त आकड्यात सांगतो. नेहमीच्या दमट हवेत कॉटन आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरतं, लाकडाच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस ११ ते १३, नायलॉन ४ च्या आसपास, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून "ड्राय" लिहिलेल्या पॉलिस्टर चड्ड्या लवकर वाळतात. पण त्यात घामाचा वास धरून राहतो, आणि विणकाम जाळीदार नसेल तर उन्हाळ्यात अंग शिजतं.

मोडल बीच नावाच्या झाडाच्या लगद्यापासून करतात. व्हिस्कोसचाच सुधारलेला प्रकार. फार मऊ, घाम झटकन शोषतो आणि साध्या व्हिस्कोससारखा ओला झाल्यावर निम्मा कमजोर होत नाही. बसून काम करणाऱ्याला उत्तम. धोपटण्यानं धुणाऱ्या घरात देऊ नका.

"बांबू" बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोसच असतं. जंतू मारतं म्हणून जे छापतात त्यावर विसंबू नका, रासायनिक प्रक्रियेत बांबूचं म्हणून काही उरत नाही. अमेरिकेत तर असा माल नुसता "बांबू" म्हणून विकू देत नाहीत, बांबूपासूनचं रेयॉन असं लिहावं लागतं.

खात्री करायची तर शिवणीतला नाही, कापडातला धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. कॉटन आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात, राख मऊ करडी पडते. पॉलिस्टर वितळतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी उरतो. मिश्रण असेल तर राखेत बारीक खडे लागतात. मोडल आणि कॉटन यात फरक करायला ही परीक्षा निरुपयोगी आहे. आणि राखाडी मेलांज रंगाच्या नगात थोडं व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर असणं नेहमीचंच, तो रंगच वेगवेगळे तंतू मिसळून येतो. त्यावर भांडू नका.

चर्मरोग ओपीडी

एक गोष्ट दुकानदारांनी गिऱ्हाइकाला सांगावी. मांडी सोलणं आणि गजकर्ण हे वेगळं. गजकर्णात गोल कडा असते, कडेला जास्त लाल, मधे फिकट, आणि रात्री खाज वाढते. ते चड्डी बदलून जात नाही. दुकानातून मिळणारी तीन औषधं एकत्र असलेली मलमं, ज्यात स्टेरॉइड असतं, ती लावली की आधी आराम पडतो आणि मग ते पसरतं. डॉक्टरला दाखवावं, घरात इतरांना असेल तर सगळ्यांचा इलाज एकदम करावा.

कपड्याच्या बाजूनं : सैल कॉटन, रोज बदललेली, गरम पाण्यात वेगळी धुतलेली, उलटी करून कडक उन्हात वाळवलेली. श्रावणात ऊन नसेल तर पूर्ण वाळल्यावर शिवणींवरून इस्त्री फिरवावी. अर्धओली चड्डी घालू नये आणि टॉवेल कोणाचा कोणी वापरू नये.

आठवडी बाजार

सगळ्यांचे आभार. शेवटचं, इलास्टिक. आतलं घ्यावं की बाहेर दिसणारं नावाचं? आणि बोअरच्या पाण्यानं कापड कडक होतं त्याचं काय?

ओव्हरलॉक

बाहेरचं विणलेलं पट्टीचं इलास्टिक थेट कातडीला लागतं, रुंद असेल तर काचत नाही, पण उन्हाळ्यात खाली घामोळं येतं. आतलं कापडानं झाकलेलं असतं, कंबरेला ते बरं, पण बिघडलं तर बदलायला सगळी पट्टी उसवावी लागते. घेताना दुप्पट ताणून कानाजवळ धरा. करकर आवाज आला तर आतलं रबर जुनं आहे, माल गोदामात पडून होता. डब्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, तेही वाचा.

सैल पडण्याचं मुख्य कारण ब्लीचिंग पावडर आणि उकळतं पाणी. रबर आणि लायक्रा दोन्ही त्यानं मरतात. अंगाला तेल लावून चड्डी घालणाऱ्यांचं इलास्टिकही लवकर जातं. गजकर्णवाल्याला गरम पाणी लागणारच, त्याला लायक्राची विकूच नका. नाडीची द्या.

बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबणाच्या वडीला फेस येत नाही, पांढरा चिकट थर कापडात बसतो. डिटर्जंट पावडर वापरायची आणि दोनदा खळखळून काढायचं. सुगंधी सॉफ्टनर टाळा, त्यानं कापड मऊ लागतं पण घाम शोषणं कमी होतं.

आणि मापाचं राहिलं. डब्यावर ८५, ९०, ९५ हे सेंटिमीटर आहेत. ३४ इंच कंबरेला ८५ बसते, पण सिंगल जर्सी आटते, त्यात ९० द्या. नव्या कंपनीचा डझन घेण्याआधी एक नग आणून त्याच्या बाजूच्या शिवणीवर पेनानं खूण करा, तीनदा धुवा, सपाट वाळवा. बोटभर जरी शिवण सरकली तर ती कंपनी सोडा.